गाणे, गॅलरी आणि कायदा : स्कॉटलंडचा सहा वर्षे टिकलेला फुटबॉल कायदा

डिंगवॉल हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडचे छोटे गाव. गावाच्या लोकसंख्येपेक्षा तिथल्या फुटबॉल मैदानातल्या जागा जास्त आहेत. 2012-13 च्या हंगामात रॉस काउंटी हा गावाचा संघ पहिल्यांदाच देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळत होता आणि ग्लासगोहून सेल्टिकचा संघ पाहुणा म्हणून आला होता. पाहुण्यांच्या गॅलरीत एक तरुण चाहता इतरांबरोबर गाणी म्हणत होता. गाणी उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र लढ्याचा गौरव करणारी होती. आजूबाजूला सगळे त्याच्याच संघाचे लोक. रॉस काउंटीचे प्रेक्षक दूरच्या स्टँडमध्ये. कोणी उठून अंगावर आले नाही, दगड पडला नाही, धक्काबुक्की झाली नाही. पोलिसांनी मात्र त्याच्यावर गुन्हा दाखल केला.

खालच्या न्यायालयाच्या शेरीफने त्याला सोडून दिले. (स्कॉटलंडमध्ये शेरीफ म्हणजे न्यायाधीश, पोलिस अधिकारी नव्हे.) शेरीफचे म्हणणे साधे होते: या गाण्याने भडकून जाईल असे तिथे कोणी होते, याचा पुरावा कुठे आहे? सरकार पक्ष अपिलात गेला आणि 2013 मध्ये उच्च न्यायालयाने निकाल फिरवला. भडकणारी माणसे तिथे हजर असण्याची गरजच नाही, असे कायदा स्वतः सांगतो. ती कल्पनेतली असली तरी चालतात.

या एका निकालात त्या कायद्याची सगळी गोष्ट सापडते. कायद्याचे नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचे तर ‘फुटबॉलमधील आक्षेपार्ह वर्तन व धमकीचे संदेश (स्कॉटलंड) अधिनियम, 2012’. 1 मार्च 2012 ला तो लागू झाला, एप्रिल 2018 मध्ये रद्द झाला. हुल्लडबाजीला आवर घालायला निघालेले कायदेमंडळ कुठे चुकते, हे समजून घ्यायला याच्याइतके स्वच्छ प्रकरण माझ्या पाहण्यात नाही.

वैर कुठून आले

सेल्टिक क्लबची स्थापना 1887 ची. ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला तो काढला. ही मुले बहुतांशी दुष्काळामुळे आयर्लंड सोडून आलेल्या कॅथलिक कुटुंबांतली. ग्लासगोचाच प्रतिस्पर्धी क्लब रेंजर्स त्याआधीचा, 1872 चा. पुढे विसाव्या शतकात त्याच्याभोवती प्रोटेस्टंट आणि ब्रिटिश राजनिष्ठेची ओळख घट्ट होत गेली. कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही असा अलिखित नियम तिथे इतका पक्का होता की 1989 मध्ये मो जॉन्स्टनला करारबद्ध केले, ती देशभराची बातमी झाली. एका बाजूने पोपला शिव्या, दुसऱ्या बाजूने आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेचा जयघोष. शहरात नोकरीच्या मुलाखतीत ‘शाळा कोणती?’ हा प्रश्न धर्म ओळखण्यासाठी विचारला जायचा, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार आहे.

याची किंमत मैदानाबाहेर मोजली गेली. 1995 मध्ये सेल्टिकचा सामना पाहून घरी चाललेल्या सोळा वर्षांच्या एका मुलाचा रस्त्यात गळा चिरून खून झाला. त्याच्या शाळेतल्या मैत्रिणीने पुढे पंथद्वेषाविरुद्ध ‘निल बाय माउथ’ ही संस्था उभी केली. तिच्या रेट्याचा वाटा असलेली तरतूद 2003 च्या फौजदारी कायद्यात आली: कोणताही गुन्हा धार्मिक द्वेषातून केला असेल तर शिक्षा ठरवताना न्यायालयाने तो वाढीव गंभीर मानायचा.

म्हणजे कायद्यांची वानवा नव्हती. 1980 च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यानंतर दोन्ही बाजूंचे लोक मैदानात उतरून भिडले, तेव्हा मैदानात दारूला बंदी झाली. 2004 मध्ये वस्त्यांमधल्या समाजविघातक वर्तनाचा कायदा आला. त्याखाली शेजाऱ्यापाजाऱ्यांना भय किंवा मनस्ताप देणाऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयातून मनाई हुकूम मिळवता येत होता. 2006 मध्ये फुटबॉल बंदी हुकूम आले. त्याखाली दोषी चाहत्याला वर्षानुवर्षे सामन्यांपासून दूर ठेवता येते. 2010 च्या कायद्यात धमकावणाऱ्या वा शिवीगाळीच्या वर्तनासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. आणि या सगळ्यांच्या आधीपासून शांतताभंगाचा जुना, परंपरेने चालत आलेला गुन्हा होताच.

2011 : तीन महिने

2 मार्च 2011 च्या रात्री सेल्टिक पार्कवर स्कॉटिश कपचा फेरसामना झाला. सेल्टिक एका गोलने जिंकला. रेंजर्सच्या तीन खेळाडूंना लाल कार्ड मिळाले. मैदानात चौतीस जणांना अटक झाली. सामना संपल्यावर सेल्टिकचे व्यवस्थापक नील लेनन आणि रेंजर्सचे सहायक व्यवस्थापक अ‍ॅली मॅकॉइस्ट एकमेकांसमोर उभे ठाकले, हस्तांदोलन करता करता काहीतरी बोलले गेले आणि इतरांना मध्ये पडून त्यांना सोडवावे लागले. टीव्हीवर साऱ्या देशाने ते पाहिले. आठवड्याभरात सरकार, पोलिस आणि दोन्ही क्लब यांची तातडीची बैठक भरली.

मग आले पार्सल बॉम्ब. लेनन, त्यांचे वकील पॉल मॅकब्राइड आणि ट्रिश गॉडमन या राजकारणी, अशा सेल्टिकशी नाते असलेल्या तिघांच्या नावे ते पाठवलेले होते. ते फुटण्याजोगे नव्हते, हे नंतर न्यायालयात निष्पन्न झाले. पाठवणाऱ्या दोघांचा समज मात्र वेगळा होता, आणि दोघांनाही पाच-पाच वर्षांची शिक्षा झाली. मे महिन्यात एडिंबराच्या टाइनकासल मैदानावर एक चाहता कठडा ओलांडून थेट लेननच्या अंगावर धावून गेला. हेही सगळे टीव्हीवर, थेट. त्या खटल्यात ज्यूरीने हल्ल्याचा आरोप ‘सिद्ध झाला नाही’ असा कौल दिला आणि माणूस फक्त शांतताभंगासाठी दोषी ठरला. आठ महिने. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. हा संताप मी हलका लेखत नाही. एका माणसाला त्याच्या धर्मामुळे, गावामुळे, क्लबमुळे जीव मुठीत धरून काम करावे लागत होते.

पण पार्सल बॉम्बवाल्यांना शिक्षा झाली ती जुन्याच कायद्याने, हे इथेच नोंदवून ठेवतो.

5 मे 2011 च्या निवडणुकीत स्कॉटलंडचे तेव्हाचे सरकारप्रमुख अ‍ॅलेक्स सॅमंड यांच्या स्कॉटिश नॅशनल पार्टीला 129 पैकी 69 जागा मिळाल्या. जून महिन्यात विधेयक आले, तेही तातडीच्या पद्धतीने. नवा हंगाम सुरू व्हायच्या आत, दोन आठवड्यांत मंजूर करून टाकायचे. संसदेच्या न्याय समितीपुढे सदस्यांनी मंत्री रोझॅना कनिंगहॅम यांना विचारले, की सामन्यात कोणी छातीवर क्रूसाची खूण केली तर? राष्ट्रगीत म्हटले तर? विशिष्ट परिस्थितीत तेही गुन्हा ठरू शकेल, अशा आशयाचे उत्तर आले. भाविक माणसाची प्रार्थनेची खूण आणि देशाचे राष्ट्रगीत ही दोन्ही ‘परिस्थिती पाहून’ गुन्हा ठरणार असतील, तर हुकूम सोडणाऱ्यालाच रेघ कुठे आहे ते ठाऊक नाही, हे त्या दिवशी उघड झाले. सॅमंड यांनी घाई थांबवली आणि विधेयक सहा महिने पुढे ढकलले. ती सहा महिन्यांची संधी होती. विरोधकांनी, वकिलांनी, चाहत्यांच्या संघटनांनी हरकती मांडल्या. गाभा मात्र तसाच राहिला. 14 डिसेंबर 2011 ला विधेयक 64 विरुद्ध 57 मतांनी मंजूर झाले. बाजूने फक्त सत्ताधारी पक्ष. मजूर, हुजूर, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन हे सगळे एका रांगेत विरोधात. एरवी ज्यांचे एका शब्दावर एकमत होत नाही असे हे पक्ष.

कलम एक

पहिले कलम नीट वाचले की पुढचे सगळे कळते. गुन्हा घडायला दोन गोष्टी लागतात. एक, सामन्याच्या संदर्भात वर्तन असे हवे: धर्म, वंश वगैरेंवरून एखाद्या गटाचा द्वेष व्यक्त करणे वा तो भडकावणे, त्या द्वेषातून प्रेरित झालेले वर्तन, धमकी, आणि शेवटी, ‘समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटण्याची शक्यता आहे असे इतर कोणतेही वर्तन’. दोन, त्या वर्तनाने सार्वजनिक शांतता बिघडण्याची शक्यता हवी.

पहिल्या अटीतले शेवटचे शेपूट पाहा. द्वेष म्हणजे काय, हे न्यायालय ठरवू शकते. धमकी म्हणजे काय, तेही. पण ‘आक्षेपार्ह’? आपल्याकडे ‘भावना दुखावल्या’ हे शब्द ज्यांनी पोलिस ठाण्यात ऐकले आहेत, त्यांना अशा शब्दाची जात वेगळी सांगायला नको. ज्याच्या हाती दंडुका, त्याच्या मनात तो शब्द राहतो.

दुसऱ्या अटीने या शेपटाला लगाम घालायला हवा होता. शांतता खरोखर बिघडेल अशी स्थिती असेल तरच गुन्हा, म्हणजे नुसते वाईट बोलणे तुरुंगापर्यंत जाणार नाही. पण पुढचेच पोटकलम म्हणते: बंदोबस्तामुळे शांतता बिघडणे अशक्य असले, किंवा भडकणारी माणसे तिथे नसली वा पुरेशी नसली, तरी शक्यता आहे असेच मानायचे. डिंगवॉलचा तरुण अडकला तो इथे. लगाम घालून लगेच सोडून दिला.

तिसरी गोष्ट जागेची. सामन्याच्या वाटेवर, परतीच्या वाटेवर आणि जिथे सामना टीव्हीवर दाखवतात तिथेही कायदा लागू. घर तेवढे वगळले. म्हणजे पबमध्ये सामना चालू असताना एखादे गाणे म्हटले तर पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा कायदा, आणि तेच गाणे त्याच पबमध्ये, त्याच लोकांपुढे सामना नसलेल्या दिवशी म्हटले तर तो कायदा नाही. माणूस सामन्याला गेला नसला, जायचा त्याचा विचारही नसला, तरी तो ‘वाटेवर’ आहे असे मानता येईल, अशीही सोय होती.

इंग्लंडचा 1991 चा फुटबॉल गुन्ह्यांचा कायदा शेजारी ठेवून पाहावा. त्यात तीन कृत्ये आहेत: मैदानाकडे वा प्रेक्षकांकडे वस्तू फेकणे, वर्णद्वेषी वा अश्लील घोषणा देणे, आणि परवानगीशिवाय मैदानात उतरणे. ज्याला आपण काय करू नये हे जाणून घ्यायचे आहे त्याला ते कळते. पोलिसालाही कळते. तो कायदाही फुटबॉलपुरताच आहे, म्हणून ‘फुटबॉलला वेगळा कायदा नको’ हा चाहत्यांचा सरसकट युक्तिवाद मला पटत नाही. खेळासाठी वेगळा नियम करावा लागतो कधीकधी. तो कृत्याला नाव देऊन करावा, एवढेच.

न्यायालयात आणि रस्त्यावर

पोलिसांनी फुटबॉलसाठी खास पथक उभे केले. कॅमेरे घेऊन ते गॅलरीसमोर उभे राहत आणि गाणाऱ्यांचे चित्रण करत. नंतर चित्रफीत पाहून घरी जाऊन अटक. यात बहुतांश तरुण मुले सापडली. कित्येकांच्या नावावर आधी एकही गुन्हा नव्हता. 2012-13 मध्ये या कलमाखाली 268 आरोप दाखल झाले. 2016-17 मध्ये 377. (त्यात 2016 च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यानंतरच्या गोंधळाचाही हात आहे. 114 वर्षांनी कप जिंकलेल्या एडिंबराच्या हिब्स संघाचे लोक मैदानात उतरले होते.) सरकार म्हणे, बघा, कायदा वापरला जातो आहे. विरोधक म्हणत, पाच वर्षांनी आकडा वाढतो आहे तर धाक कुठे आहे?

एका शेरीफने भर न्यायालयात या कायद्याला ‘मिन्स’ म्हटले. मिन्स म्हणजे खिमा, पण स्कॉटिश बोलीत त्याचा अर्थ निव्वळ बाष्कळपणा. काय करावे आणि काय करू नये हे लोक विचारतात आणि कोणालाच सांगता येत नाही, अशी त्याची तक्रार होती.

आणखी एक आकडा सांगतो, कारण या प्रकरणात तो मला सर्वांत बोलका वाटतो. कायदा येण्याच्या आदल्या वर्षी, 2010-11 मध्ये, स्कॉटलंडमध्ये धार्मिक द्वेषाने वाढीव ठरलेले 693 आरोप दाखल झाले होते. त्यांपैकी फुटबॉलशी संबंधित होते सुमारे एक तृतीयांश. बाकीचे रस्त्यावरचे, घराजवळचे, पोलिस ठाण्यातले, दारूच्या नशेत शेजाऱ्याला दिलेल्या शिव्यांचे. रोग वस्तीत होता आणि डॉक्टर मैदानाच्या दारात उभा होता. सरकारला हे अजिबात दिसत नव्हते असे नाही. त्याच काळात डंकन मॉरो यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार गट नेमला गेला, शाळा, वस्त्या, स्त्री-संघटना, युवक केंद्रे यांच्या प्रकल्पांना निधी मिळाला. कायद्यापेक्षा या कामाला मी जास्त मोल देतो. ते मथळ्यांत आले नाही, आणि कायद्यावरून पेटलेल्या भांडणात झाकोळून गेले. चाहत्यांनी ‘फॅन्स अगेन्स्ट क्रिमिनलायझेशन’ या नावाने मोहीम उभी केली. ज्यांनी एकमेकांच्या शिव्या ऐकण्यातच आयुष्य घालवले, त्या दोन्ही बाजूंचे चाहते कायद्याविरुद्ध एका सुरात बोलू लागले.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत लहानपणी मामाच्या मांडीला टेकून सामने पाहिले. पेठापेठांची आणि तालमींची ईर्षा काय असते ते मला पुस्तकातून कळलेले नाही. दोन मोठे संघ समोरासमोर असले की शेवटची पाच मिनिटे राहिली असताना मामा माझा दंड धरायचा आणि म्हणायचा, ‘चल, गर्दी सुटायच्या आत भायेर पडू.’ जिंकत असलो तरी. शेवटच्या पाच मिनिटांतले कितीतरी गोल मी रस्त्यावरून, ओरडा ऐकून ओळखले आहेत. म्हणून ग्लासगोत ज्या माणसाने सामन्याच्या दिवशी स्कार्फ कोटाच्या आत लपवला, किंवा ज्या बाईने सामन्याच्या रात्री नवरा काय मूडमध्ये येतो याची धास्ती घेतली, तिच्या बाजूने विचार केल्याशिवाय या कायद्याला नावे ठेवणे मला जमत नाही. मोठ्या सामन्यांच्या दिवशी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढतात, हे ग्लासगोचे पोलिस वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. त्या बाईला कलम एकचा काडीचा उपयोग नव्हता. घर तेवढे वगळलेले होते.

62 विरुद्ध 60

मे 2016 च्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचे बहुमत गेले. नोव्हेंबरमध्ये कायदा रद्द करावा असा ठराव 64 विरुद्ध 63 मतांनी संमत झाला. तो बंधनकारक नव्हता. मग मजूर पक्षाचे जेम्स केली यांनी अशासकीय विधेयक आणले. सरकारचा विरोध असताना अशासकीय विधेयकाने सरकारचाच कायदा पाडणे ही स्कॉटिश संसदेत अपूर्व गोष्ट होती. 15 मार्च 2018 ला 62 विरुद्ध 60 मतांनी ते मंजूर झाले आणि एप्रिलमध्ये कायदा पुस्तकातून गेला.

सरकारने शेवटपर्यंत एकच मुद्दा लावून धरला: कायदा रद्द केला तर द्वेष करणाऱ्यांना चुकीचा संदेश जाईल. हा मुद्दा पोकळ नव्हता. समाजसेवी संस्थांपैकी काहींनी, अल्पसंख्य समूहांच्या प्रतिनिधींनी हेच सांगितले होते. पण संदेश द्यायला कायदा वापरला की काय होते ते सहा वर्षांत दिसले होते. मूळ कायदा एका पक्षाच्या मतांवर उभा राहिला, आणि त्या पक्षाचे बहुमत सरताच पडला. 2011 च्या त्या सहा महिन्यांत शेपूट छाटले असते, ‘इतर कोणतेही आक्षेपार्ह वर्तन’ ही ओळ काढून धमकी, द्वेष, वस्तू फेकणे अशी नावे घातली असती, तर ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट बाजूने आले असते की नाही सांगता येत नाही. पण तो कायदा पाडणे एवढे सोपे राहिले नसते.

रद्द करणाऱ्यांबद्दल माझी तक्रार दुसरी आहे. त्यांनी जागा मोकळी केली आणि तिथे काही ठेवले नाही. 2021 मध्ये द्वेषजन्य गुन्ह्यांचा सर्वसाधारण कायदा झाला, तोही 1 एप्रिल 2024 पर्यंत लागू झाला नव्हता. फुटबॉलपुरता एक उपाय डोळ्यांसमोर होता: चाहत्यांच्या वर्तनाची जबाबदारी थेट क्लबवर टाकणे. युरोपची फुटबॉल संघटना युएफा आपल्या स्पर्धांत हेच करते. क्लबची चूक असो वा नसो, गॅलरीत द्वेषाचे गाणे झाले की दंड, नाहीतर स्टँड बंद. सत्ताधारी पक्षाचेच जेम्स डॉर्नन यांनी 2017 मध्ये हा नियम स्कॉटलंडमध्येही आणावा म्हणून प्रस्ताव मांडला. देशांतर्गत सामन्यांसाठी क्लबांनी तो मानला नाही. एका तरुणाला पकडून पाच वर्षांच्या शिक्षेचा धाक दाखवणे कायदेमंडळाला झेपले; त्याच्याकडून तिकिटाचे पैसे घेणाऱ्या क्लबला हात लावणे झेपले नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये युरोपा लीगच्या एका सामन्यातल्या पंथद्वेषी गाण्यांबद्दल युएफाने रेंजर्सच्या इब्रॉक्स मैदानातला एक भाग बंद ठेवायला लावला. गुरुवारी, 29 तारखेला, लेजिया वॉर्साविरुद्धचा सामना तीन हजार खुर्च्या रिकाम्या ठेवून झाला. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत रेंजर्सच्या मोरेलोसने गोल केला आणि रेंजर्स जिंकले.

तीन दिवसांनी, रविवारी, त्याच इब्रॉक्सवर सेल्टिकचा संघ आला. तो सामना स्कॉटिश लीगचा होता. तो भाग उघडा होता.